नंबर दोनशे चौदा

ह्यांना मी एकच अट घातली होती. आधी ईसीजी काढायचा, तो चांगला आला तरच पाच किलोमीटर चालायचं, नाहीतर त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. अट माझी होती हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे झालं त्यात कुणाचा किती दोष, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

आमचं चौकटींचं दुकान आहे. फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं, कुणाच्या आजोबांचं पदक, जे आणाल त्याला आम्ही काच आणि चौकट घालून देतो. माप घेणं आणि गिऱ्हाइकांशी डोकं लावणं माझं काम, काच कापणं ह्यांचं आणि चौकट जोडणं दादाचं. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. हे आणि दादा आधी भागीदार झाले, मग मेहुणे. माझ्यासाठी स्थळ शोधायला दादाने फार लांब जायचे कष्ट घेतले नाहीत, समोरच्या टेबलावर काच कापत होतं तेच उचललं.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना दुकानातच हार्ट अटॅक आला. हातात तीन फुटांची काच होती. ह्यांनी ती नीट टेबलावर ठेवली, काच कापायची कलम तिच्या शेजारी ठेवली आणि मग खाली बसले. हा असा माणूस. काच फुटली असती तर निदान मला आवाज तरी आला असता. मी मागच्या खोलीत चहा करत होते, दोन मिनिटं मला पत्ताच नव्हता. त्या दोन मिनिटांचा राग मी अजून ह्यांच्यावर काढते.

तेव्हापासून रोज सकाळी, चहाच्या आधी, मी ह्यांची नाडी मोजते. मनगट धरून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. हे डोळे मिटून बसतात आणि विचारतात, "झालं का? आहे का मी?" जड उचलायचं नाही, जिना चढायचा नाही, चिडायचं नाही, बाथरूमची कडी आतून लावायची नाही. हे नुसते खोकले तरी मी दारात हजर. दादा म्हणतो, "चिमणे, अगं त्याचं हृदय दुरुस्त झालं, आता तुझं बिघडलंय." साठीला टेकले तरी त्याला मी चिमणीच.

ज्या हॉस्पिटलने ह्यांना वाचवलं ते दरवर्षी चालण्याचा एक कार्यक्रम ठेवतं. ज्यांना हृदयाचं ऑपरेशन परवडत नाही त्यांच्यासाठी मदत जमवायची म्हणून लोक सकाळी पाच किलोमीटर चालतात. ह्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर त्याचं पोस्टर होतं. नाकात नळी असताना हे त्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाले होते, "मी पण चालणार." मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. ती गुंगी नव्हती. गेल्या वर्षी मी रडून थांबवलं. या वर्षी दादा ह्यांच्या बाजूने उभा राहिला. "मी असतो ना बरोबर, त्याच्या खांद्याला खांदा लावून," म्हणाला, आणि माझा नाइलाज झाला.

हॉस्पिटलचाही नियम होताच. ज्यांना पूर्वी हृदयाचा त्रास झाला आहे त्यांनी फॉर्मला ताजा ईसीजी जोडायचा, तो तिथले डॉक्टर बघणार. बाकीच्यांनी ‘मला कोणताही आजार नाही’ या ओळीखाली सही केली की संपलं. दादाने ती सही उभ्या उभ्या ठोकली.

आता या दोघांची एक खोड सांगायला हवी. चाळीस वर्षं हे एकमेकांच्या जागी उभे राहत आलेत. विजेच्या ऑफिसात रांगेत एक, तर अर्ज दुसऱ्याचा. गिऱ्हाइकाने एकाशी बोलणं करून जावं आणि दुसऱ्याने "हो हो, मीच म्हणालो होतो" म्हणत काम हातात द्यावं. मला बघायला आले तेव्हा ह्यांच्या अंगातला शर्टसुद्धा दादाचा होता. एकदा ह्यांना ताप आला आणि चष्मेवाल्याने वेळ दिलेली होती, तर दादा ह्यांच्या नावाने जाऊन डोळे तपासून आला. हे तो चष्मा चार वर्षं घालत होते. वर दोघंही छातीठोकपणे सांगायचे, "आमचे डोळे सारखेच आहेत." एकमेकांना दोघंही ‘पार्टनर’ म्हणतात. तू गेलास काय, मी गेलो काय, काय फरक पडतो, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्याचं हसू यायचं.

वहिनी जाऊन सात वर्षं झाली. दादा दुकानावरच्या खोलीत एकटा राहतो आणि दोन्ही वेळा आमच्याकडे जेवतो. चौसष्टचा आहे, पण त्याला साधी सर्दी झालेली मला आठवत नव्हती. "माझी काळजी करायला घरात कुणी नाही, म्हणून मी ठणठणीत," हा त्याचा नेहमीचा विनोद. गेला महिनाभर फक्त दाढ दुखते म्हणून कुरकुर चालली होती. दाढही अशी चमत्कारिक, की जेवताना दुखायची नाही, जिना चढला की दुखायची. मी त्याची भरपूर टिंगल केली. "दाढेचा आणि जिन्याचा काय संबंध? खोलीत झाडू मारायचा कंटाळा आलाय म्हण ना सरळ." जेवणानंतर हातावर एक लवंग ठेवली. झालं माझं कर्तव्य.

बुधवारी दुपारी हे म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या लॅबमध्ये जाऊन ईसीजीची पट्टी काढून आणतो." एरवी मी सावलीसारखी बरोबर गेले असते, पण एक बाई सतरा फोटो घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना प्रत्येकाची चौकट वेगळी हवी होती. "मीही निघतोय, दाढ दाखवून येतो," दादा म्हणाला. दोघं बरोबर गेले, तासाभराने बरोबर आले. दातांच्या डॉक्टरकडे म्हणे फार गर्दी होती, त्यामुळे दाढ तशीच परत आली.

ह्यांनी पट्टी माझ्या हातात दिली. वर ह्यांचं नाव, वय एकसष्ट, खाली वरखाली जाणाऱ्या रेघा. मला त्यातलं काय कळतंय? पण ह्यांच्या आधीच्या पट्ट्यांवर एका ठिकाणी रेघ खड्ड्यात गेल्यासारखी खाली जाते. तो जुन्या अटॅकचा डाग, डॉक्टरांनीच मला एकदा बोट ठेवून दाखवला होता. तो दिसला की पुढचे आठ दिवस मला अन्न गोड लागत नसे. या पट्टीवर तो नव्हता. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं, खरंच नव्हता. मला इतका आनंद झाला की त्या सतरा फोटोंच्या बाईंशी मी संध्याकाळपर्यंत गोड बोलले. पट्टी मी स्वतःच्या हाताने पाकिटात घातली, फॉर्मला टाचली. हे माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, माझ्या आनंदात आनंद.

रविवारी सकाळी सहाला आम्ही मैदानावर पोचलो. माझे गुडघे पाच किलोमीटर ऐकणार नाहीत, म्हणून मी नंबर वाटायच्या टेबलावर मदतीला बसले होते. कापडी चौकोनावर छापलेला नंबर, चार पिना, लाल टी-शर्ट. ह्यांना दोनशे चौदा आला, दादाला दोनशे पंधरा. दोघांच्या छातीवर मीच पिना लावल्या. जिभेखाली ठेवायची गोळी ह्यांच्या वरच्या खिशात घातली, खिशालाही पिन लावली. दोघांचे फोन आणि चाव्या माझ्या पर्समध्ये. "हळू चाला. बोलत बोलत चालू नका. धाप लागली तर तिथेच बसा," मी बजावलं.

"आणि मला काही सूचना?" दादाने विचारलं.

"तुला कसली सूचना? ह्यांच्याकडे लक्ष ठेव."

शिट्टी झाली. तीनशे लाल पाठी एकदम हलल्या आणि मैदानाच्या फाटकातून रस्त्यावर गेल्या. मला घाम फुटला होता, पण तो नेहमीचाच. रिकाम्या टेबलावर पिना गोळा करत मी मनात ह्यांची पावलं मोजत होते.

मागच्या टेबलावर हॉस्पिटलचे डॉक्टर शनिवारी उशिरा आलेल्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन बसले होते. हे काम आदल्या दिवशीच व्हायचं होतं, राहिलं होतं. शेजारी सिस्टर जुन्या फायली काढून देत होत्या. मी पाठमोरी होते, त्यामुळे आधी फक्त आवाज ऐकला.

"दोनशे चौदा कोण?"

मी वळले. "आमचे हे. का हो?"

"निघाले?"

"आता अर्धा तास झाला."

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली, मग जुन्या फाइलमधली शेजारी ठेवली. "यांचा जुना डाग यात दिसतच नाही, ते मला कळत नाहीये," ते सिस्टरना म्हणाले. "पण हे बघा, हे इकडचं. हे नवीन आहे आणि हे मला अजिबात आवडलेलं नाही. या माणसाने आज जिनासुद्धा चढता कामा नये. थांबवा त्यांना."

पिनांची डबी माझ्या हातातून पडली. दर किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. डॉक्टर एकेका टेबलाला फोन करत होते, "दोनशे चौदा. हो, दोन-एक-चार. दिसले की बसवा, एक पाऊल पुढे टाकू देऊ नका." तिसऱ्या टेबलावरच्या ॲम्ब्युलन्सलाही त्यांनी तेच सांगितलं. आणि मी ह्यांना फोन लावला. माझ्याच पर्समध्ये तो वाजला.

"बसा मागे," सिस्टर म्हणाल्या. त्यांच्या स्कूटरवर मी कशी चढले मला माहीत नाही, गुडघ्यांनीही तक्रार केली नाही.

रविवारची सकाळ, दुकानांची शटर खाली, आणि सगळा रस्ता लाल टी-शर्टांनी भरलेला. नंबर छातीवर होते. मागून सगळ्या पाठी सारख्या. प्रत्येक घोळक्याच्या पुढे जायचं, वळून बघायचं, एकशे बारा, एकोणनव्वद, दोनशे तीस, आणि पुन्हा पुढे. टक्कल दिसलं की मला ते ह्यांचंच वाटायचं. एका गृहस्थांचा दंड मी मागून धरला तर ते भलतेच निघाले. मी माफी मागितली नाही. मनात ह्यांच्याशी भांडण चालूच होतं. तुम्हाला आनंदाने जाऊ दिलं मी, डाग नाही म्हणून नाचले, आणि तो डाग नुसती जागा बदलून बसला होता.

पहिल्या टेबलावरची मुलगी म्हणाली, "फोन यायच्या आधीच गेले. दोघं होते, हसत होते." दुसऱ्या टेबलावर फोनच कुणी उचलला नव्हता. मी सिस्टरच्या खांद्यात नखं रुतवून बसले होते.

तिसऱ्या टेबलाशी हे दिसले. प्लॅस्टिकच्या खुर्चीत, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, आणि चेहरा असा की चौकटीत बसवून भिंतीवर लावावा, इतका संतापलेला. चेहरा लाल होता, ओठ लाल होते. मी धावत जाऊन आधी मनगट धरलं.

"अगं, मी ठीक आहे!" हे ओरडले. "या लोकांनी मला चोरासारखा पकडून बसवलाय. प्रेशर बघ, एकशे तीस. काय झालंय काय?"

"बोलू नका. गप्प बसा. तुमची पट्टी खराब आलीय."

"कोणती पट्टी?"

"बुधवारची! डॉक्टर म्हणाले, नवीन काहीतरी आहे, फार वाईट आहे. जिनासुद्धा चढायचा नाही म्हणाले, आणि तुम्ही इथे..."

मी पुढचं बोलायची थांबले, कारण ह्यांचा चेहरा. अटॅक आला होता तेव्हाही तो इतका पांढरा पडला नव्हता. ह्यांनी दंडावरचा पट्टा ओढून काढला.

"ती माझी नाही," हे म्हणाले.

"काय तुमची नाही?"

"पट्टी. माझ्या पट्टीवर तो डाग येतोच गं दर वेळी. तो कायमचाच आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय, त्याने काही बिघडत नाही. पण तू तो बघतेस आणि आठ दिवस जेवत नाहीस. मला एकदा तरी तुला स्वच्छ पट्टी आणून दाखवायची होती. म्हणून मी दादाला म्हटलं..."

सिस्टरना माझ्याआधी कळलं. त्यांनी विचारलं, "दादा कोण? कुठे आहेत?"

"दोनशे पंधरा," हे म्हणाले.

पाण्याच्या टेबलावरच्या काकू ग्लास भरता भरता थांबल्या. "ते तर गेले पुढे. यांना बसवलं तेव्हा ते हसत होते. म्हणाले, तू बस पार्टनर, तुझ्या वाटचेही दोन किलोमीटर मी चालून येतो. दोन ग्लास पाणी प्यायले. असा गालावर हात धरून होते, मी विचारलं तर म्हणाले, दाढ आहे."

दाढ. जिना चढला की दुखणारी दाढ. मी सिस्टरना एवढंच सांगितलं, "महिना झाला, जिना चढला की त्याचा जबडा दुखतो." सिस्टर सरळ स्कूटरकडे गेल्या. ॲम्ब्युलन्सवाल्याला त्यांनी हाताने मागून यायची खूण केली.

इतक्या सगळ्या टेबलांना निरोप गेला होता. इतकी माणसं डोळ्यांत तेल घालून दोनशे चौदाची वाट बघत होती. आणि दोनशे पंधरा त्यांच्या समोरून पाणी पिऊन, हसून, पुढे गेला होता. त्याला कुणी थांबवायचं? त्याने तर ‘मला कोणताही आजार नाही’ खाली सही केली होती.

स्कूटर सुरू होता होता मी मागे बघितलं. हे धावत होते. दोन वर्षांत मी ह्यांना भरभर चालू दिलं नव्हतं. छातीवरच्या नंबराची एक पिन सुटून कापड फडफडत होतं, तोंड उघडं होतं, आणि हे धावत होते. ‘हळू’ हा शब्द माझ्या तोंडाशी आला. मी तो गिळला.

पुन्हा त्याच पाठी, पुन्हा पुढे जाऊन वळून बघणं. आता मी नंबर वाचतच नव्हते, माझ्या भावाची चाल शोधत होते. तो डावा खांदा जरा खाली टाकून चालतो, आयुष्यभर लाकूड वाहिल्यामुळे. तसा खांदा कुठेच दिसेना. चौथं टेबल आलं, तिथे कुणाला काही आठवत नव्हतं. त्यांना फक्त दोनशे चौदा विचारायला सांगितलं होतं.

चौथ्या टेबलाच्या पुढे एका शाळेची बुटकी भिंत आहे. तिच्यावर तो बसला होता. एक बूट काढून हातात धरलेला. समोरून माणसं जात होती, एकदोघांनी त्याला हात केला, त्यानेही केला.

"खडा गेला गं बुटात," मला बघून तो म्हणाला. ओठ राखेसारखे झाले होते, टी-शर्ट मानेपासून कमरेपर्यंत भिजलेला. "तू कशाला आलीस? त्याला काही झालं का?"

"त्यांना काही झालेलं नाही."

"मग रडतेस काय, चिमणे?"

सिस्टरनी त्याला भिंतीला टेकवून खाली बसवलं, मनगट धरलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जिभेखालची गोळी कुणाकडे आहे?" ती होती ह्यांच्या खिशात, मी स्वतः पिन लावून ठेवलेली. दादाच्या खिशात काय होतं? लवंग होती. नंतर हॉस्पिटलमध्ये कपडे हातात दिले तेव्हा सापडली.

हे पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स अजून माणसांमधून वाट काढत होती. ह्यांना बोलता येत नव्हतं. खिशाची पिन निघेना, तेव्हा ह्यांनी खिसाच फाडला. गोळी सिस्टरच्या हातात दिली आणि दादासमोर रस्त्यावर मांडी घालून बसले.

"पार्टनर," दादा म्हणाला, "तुझे दोन पुरे नाही झाले रे. अर्धा राहिला."

"गप्प बस," हे म्हणाले, आणि रडायला लागले. भर रस्त्यात, तीनशे लोकांसमोर.

हॉस्पिटलच्या दारातून दादाला आत नेलं ते थेट. आमच्या वाट्याला खिडकीवरचा कारकून आला. त्याच्या हातात डॉक्टरांनी पाठवलेली बुधवारची पट्टी होती. "पेशंटचं नाव?" त्याने विचारलं. ह्यांनी दादाचं नाव सांगितलं. कारकुनाने पट्टी उलटसुलट केली. "आधीचा ईसीजी यांचाच ना? यावर नाव दुसरंच आहे."

"नाव माझं आहे," हे म्हणाले. "छाती त्याची आहे."

रांगेतली माणसं आमच्याकडे बघायला लागली. कारकुनाने पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "बरं. यांना कुठली औषधं चालू आहेत? कशाची ॲलर्जी? रक्तगट?"

मी तोंड उघडलं. ह्यांच्या सगळ्या गोळ्या मला झोपेतून उठवलं तरी वेळेसकट सांगता येतात. ह्यांचा रक्तगट, साखर, कोलेस्टेरॉलचा दोन वर्षांपूर्वीचा आकडा आणि कालचा. दादाचं मला काहीही माहीत नव्हतं. माझा सख्खा भाऊ, दोन्ही वेळा माझ्या समोर जेवणारा. मी तोंड मिटलं.

"शेवटचं डॉक्टरांनी कधी तपासलं होतं?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"बुधवारी," हे म्हणाले. "माझ्या नावाने."

मग बाकावर बसून मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. चाळीस वर्षांत बोलले नव्हते इतकं. त्याच्या नावाने काढली असती ती पट्टी, तर आज तो घरी असता, उपचार सुरू झाले असते. हे खाली मान घालून ऐकत होते, एकदाही "पण" म्हणाले नाहीत. ते तसे ऐकत राहिले म्हणून मलाच पुढचं वाक्य दिसलं. स्वच्छ पट्टी कुणाला हवी होती? मला हवी होती. माझ्या भीतीला उत्तर म्हणून दोन म्हातारे लॅबमध्ये गेले आणि एकाने दुसऱ्यासाठी शर्ट काढून छातीवर तारा लावून घेतल्या. मी ह्यांच्या छातीला इतकी कान लावून बसले होते की बाजूला बसलेला माणूस दुखतंय म्हणून सांगत होता आणि मी त्याची टिंगल केली. हे मी ह्यांना बोलून दाखवलं. ह्यांनी माझा हात धरला. दोघांचेही हात गार पडले होते.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. नळी मोकळी केली होती, एक स्टेंट घातला होता. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "पण हृदयाला बराच मार बसलाय. दोन दिवस गेल्याशिवाय मी काही सांगणार नाही." आणि मग, जाता जाता, जरा कठोरपणे ह्यांना म्हणाले, "तुमचाही ईसीजी आज काढून घ्या. तुम्ही स्वतः या."

आम्हाला पाच मिनिटं आत सोडलं. दादा उशांना टेकून होता, तारा, नळ्या, डोक्यावर हिरव्या आकड्यांचं यंत्र. मोठा माणूस खाटेवर किती लहान दिसतो. त्याने डोळे उघडले, ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दाढ राहिली आता," तो पुटपुटला.

मी खुर्ची ओढून बसले आणि त्याचं मनगट हातात घेतलं. ह्यांना न सांगता कळलं, ह्यांनी स्वतःचं घड्याळ काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"ताई, वर आकडा दिसतोय की," तिथली सिस्टर म्हणाली.

"दिसू दे."

"काय करतेस गं?" दादाने विचारलं. "मला काय झालंय?"

"बोलू नकोस. मोजू दे."

नाडी बारीक होती, मधेच हातातून निसटायची, मग पुन्हा सापडायची. सत्तावीसवर माझी मोजणी चुकली. मी ह्यांना घड्याळ नीट धरायला सांगितलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.